मांडीवरचं पुस्तक: लहान लेकरांच्या घरात वाचन कसं सुरू करावं

जून-जुलैत पहिलीच्या लेकरांचे आईबाप शाळेत भेटायला येतात, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, हे पुस्तकाला हातच लावत नाही. काय करावं?" अंबाजोगाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. घरी माझी स्वतःची सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. त्यामुळं हा प्रश्न मला शाळेत भेटतो तसाच घरीही भेटलेला आहे.

मी त्यांना उलट विचारते, घरात लेकराला कुणी वाचून दाखवतं का? उत्तर बहुतेक वेळा असं येतं, "त्याला अजून वाचता कुठं येतंय?"

गाठ इथंच आहे. आपल्याकडं पुस्तक म्हणजे अभ्यास. पन्नासेक किलोमीटरवर लातूर आहे, तिथल्या दहावी-बारावीच्या निकालांचा दबदबा आमच्या बालवाडीपर्यंत पोचतो. लेकरू तीन वर्षांचं झालं की हातात पाटी येते, मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर लागतो, आणि "अ कशाचा" ही चौकशी पाहुण्यांसमोर सुरू होते. गोष्टीचं पुस्तक मात्र घरात एकही नसतं. ते "वाचता आल्यावर" येणार असतं.

खरं तर आपल्या गावांची जुनी रीत अगदी उलटी होती. श्रावणात ओसरीवर पोथी लागायची. एक जण वाचायचा आणि आळीतल्या बायाबापड्या, लेकरं, म्हातारे ऐकायचे. ऐकणाऱ्या कितीतरी बायांना अक्षर ओळख नव्हती, पण कथा तोंडपाठ होत्या आणि पुढचा अध्याय कधी लागतो याची ओढ होती. लहान लेकरांच्या घरात वाचन सुरू करायचं तर हीच रीत उचलायची. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. लेकराला वाचता येण्याची वाट बघायची नाही.

आधी वेळ धरा

पुस्तकं नंतर आणा, आधी दहा मिनिटं शोधा. रोजची, ठरलेली, दहाच. अर्धा तास ठरवलात तर चौथ्या दिवशी मोडेल.

"झोपताना वाचा" असा सल्ला सगळीकडं मिळतो, पण तो सगळ्या घरांना लागू पडत नाही. शेतपंपाची लाइट रात्रीची असली की बाप दारं धरायला वावरात गेलेला असतो, आई भांडी-पाण्यातून मोकळी होईपर्यंत लेकरू पेंगलेलं असतं. अशा घरांत मी सांगते, दुपारी चारला शाळेतून आल्यावर वाचा. किंवा सकाळी चूल पेटवून चहा उकळत असतो तेव्हा. आमच्या घरी संध्याकाळचा दिवा लावला की लगेच वाचायला बसतो, कारण त्या वेळी सगळे घरात असतात आणि कुणालाही टीव्ही लावायची आठवण झालेली नसते. तुमच्या घराची अशी एक वेळ असतेच. दोन-तीन दिवस नुसतं निरखून पाहा, सापडेल.

भारनियमनाची सबब होऊ देऊ नका. लाइट गेल्यावरही तासभर पेटता राहणारा चार्जिंगचा बल्ब बसायच्या जागी लावून टाका. आमच्याकडं तर लाइट गेली की लेकरं आपणहून पुस्तक घेऊन येतात, कारण तेवढाच एक उजेड असतो आणि सगळे त्याच्याभोवती असतात.

मग पुस्तकं आणा, थोडीच

सुरुवातीला पाच पुस्तकं पुरेत. खरंच पुरेत. तीन वर्षांचं लेकरू एकच पुस्तक पंधरा-वीस वेळा वाचून घेतं, त्यामुळं ढीगभर आणून उपयोग नाही.

कुठून आणायची? तालुक्याच्या बसस्टँडवरच्या स्टॉलवर चकचकीत कागदाची, रंगांनी भडकलेली पुस्तकं मिळतात. घेण्याआधी उघडून एक पान मोठ्यानं वाचून पाहा. वाक्य तुमच्याच तोंडात अडखळलं तर ठेवून द्या. मराठीत चांगली चित्रपुस्तकं काढणारे प्रकाशक आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं मला मनापासून आवडतात, कारण त्यांतली घरं, माणसं, ताटातलं अन्न आपलं वाटतं. नॅशनल बुक ट्रस्ट ही १९५७ साली स्थापन झालेली सरकारी संस्था आहे. तिच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेतली मराठी पुस्तकं स्वस्त असतात आणि टिकतातही. प्रथम बुक्सची पुस्तकं पातळ असतात, लहान हातांना पेलतात.

पुस्तक प्रदर्शन किंवा साहित्य संमेलन जवळपास असेल तर लेकराला घेऊन जा. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. उन्हानं जीव कासावीस होत होता. आम्ही एकही भाषण ऐकलं नाही, सरळ स्टॉलवर गेलो. तिनं स्वतःच्या हातानं तीन पुस्तकं निवडली. त्यातलं एक मला मुळीच आवडलं नव्हतं, पण मी गप्प बसले. पुढची दोन वर्षं तेच सगळ्यात जास्त वाचलं गेलं.

पैशाची ओढाताण असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे गावचं वाचनालय. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली सरकारी अनुदान मिळणारी वाचनालयं आपल्या मोठ्या गावांत आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात. थोडी अनामत भरायची, महिन्याची किरकोळ वर्गणी द्यायची, की पुस्तक घरी नेता येतं. इथं माझा एक अनुभव सांगते. एका वाचनालयात मी मुलीला घेऊन गेले तर बालविभागाच्या कपाटाला कुलूप. "लेकरं पुस्तकं फाडतात हो," असं सांगण्यात आलं. मुलगी काचेला नाक लावून आतली चित्रं बघत उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. पण मी पुढच्या शनिवारी परत गेले, त्याच्या पुढच्याही. फाटलं तर भरून देईन असं लिहून दिलं. तिसऱ्या खेपेला कुलूप उघडलं. तुमच्याकडंही कुलूप असेल तर मागे फिरू नका. ती पुस्तकं लेकरांसाठीच आलेली आहेत.

दुसरी वाट फुकटाची. प्रथम बुक्सनं सप्टेंबर २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथं मराठी निवडा, मग पातळी निवडा. एक ते चार पातळ्या आहेत, आणि पहिल्या पातळीची अख्खी गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत असते. गोष्टी उतरवून घेता येतात, छापताही येतात, परवानगी मागावी लागत नाही. मी झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यात छापून आणते आणि लेकरं चित्रं रंगवतात. मुलं जरा मोठी, चौथी-पाचवीतली झाली की बालभारतीचं 'किशोर' मासिक आहेच. १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत.

पुस्तक खाली ठेवा

माझ्या माहेरी आजीची पोथी लाल बासनात बांधलेली असायची, आणि ते बासन देवघराच्या वरच्या फळीवर. आम्हाला हात लावायची सोय नव्हती. पोथीसाठी ते ठीक होतं. लेकरांचं पुस्तक मात्र लेकराच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर पाहिजे. भिंतीत दिवळी असेल तर उत्तम, नाहीतर भाजीची प्लॅस्टिकची क्रेट आडवी ठेवली तरी चालतं. पुस्तकाचं तोंड, म्हणजे मुखपृष्ठ, समोर दिसलं पाहिजे. ज्याला अक्षर येत नाही तो पुस्तक चित्रावरून ओळखतो, कण्यावरचं नाव त्याच्या काय कामाचं?

माळवदाच्या किंवा जुन्या मातीच्या घरात वाळवी असते. क्रेट भिंतीपासून चार बोटं सरकवून ठेवा, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, आणि पावसाळा सरल्यावर पुस्तकांना एकदा ऊन दाखवा.

पुस्तकं फाटणार. चावली जाणार. त्यांच्यावर वरणाचे डाग पडणार. रागावू नका. दर रविवारी खळ किंवा डिंक घेऊन फाटलेली पानं लेकरासोबत चिकटवायला बसा. माझा धाकटा चिकटवायला बसायला लागल्यापासून फाडायचा कमी झाला, हे मी स्वतः पाहिलंय.

वाचायचं कसं

लेकरू मांडीवर किंवा कडेला, पुस्तक त्याच्या डोळ्यांसमोर, तुमचं बोट ओळीखालून हळूहळू. एवढंच आसन. आपल्याकडं हल्ली वाचून दाखवणारा समोर बसतो आणि लेकरू त्याच्यासमोर, शाळेतल्यासारखं. तसं नको. दोघांनी एकाच बाजूनं पुस्तकाकडं बघायचं.

अगदी तान्ह्या बाळालाही वाचून दाखवता येतं. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचंच नीट दिसतं, म्हणजे मांडीवरून आईच्या तोंडापर्यंतचं अंतर. त्याला गोष्ट कळत नाही, पण आवाजाचा चढउतार कळतो. बडबडगीत म्हणा, वर्तमानपत्र वाचा, काहीही चालेल. वर्षाच्या पुढचं लेकरू पानं उलटायला मागतं. उलटू द्या. तीन पानं एकदम उलटली तर तीन पानांची गोष्ट सोडून द्या. दोन-अडीच वर्षांच्या लेकराला तुम्ही ओळीतला शेवटचा शब्द गाळलात तर तो स्वतः भरतो. त्याचा आनंद बघण्यासारखा असतो. तीन-चारच्या पुढं मोठी गोष्ट चालते, दोन रात्रींत मिळून संपणारीसुद्धा.

आवाज काढायची लाज वाटू देऊ नका. वाघ आला की वाघासारखं बोला. बाप लोक इथं जास्त बुजतात. पण बापाच्या आवाजातला वाघ लेकरांना फार आवडतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गोष्ट संपल्यावर परीक्षा घेऊ नका. "तात्पर्य काय?" "किती मुंग्या होत्या, मोज." "यातून काय शिकलास?" हे प्रश्न लेकराला सांगतात, की ऐकणं हा सापळा होता आणि आता उत्तर द्यावं लागणार. त्याऐवजी स्वतःला जे वाटलं ते बोला, आणि थांबा. एका चित्रपुस्तकात पावसात भिजलेलं मांजराचं पिल्लू आहे. एक दिवस मी नुसतं म्हटलं, "अगं बाई, किती भिजलंय हे." धाकट्यानं पिल्लावर अख्खा तळवा ठेवला आणि म्हणाला, "आई, हे गारठायलंय." मग उठला, दोरीवरचा टॉवेल ओढून आणला आणि पानावर पांघरला. आम्ही त्या दिवशी पुढचं पान उलटलंच नाही, पिल्लू झोपलंय म्हणून. एवढं कोणत्या प्रश्नानं झालं असतं?

तेच पुस्तक परत परत वाचून तुम्हाला कंटाळा येईल. मलाही यायचा. पण लेकरू दर वेळी निराळं काहीतरी ऐकत असतं. आधी नुसतं पिल्लू, मग पाऊस, मग 'गारठणं' हा शब्द, मग ओळीच्या शेवटाला येणारा ताल. त्यानं "बास" म्हटल्याशिवाय पुस्तक बदलू नका.

पुस्तकातली भाषा आणि घरातली भाषा

हे आपल्या मराठवाड्यात कुणीतरी मोकळेपणानं बोलायला पाहिजे. आपली लेकरं "काय करायलास?", "कामून?", "मी जेवायलो" असं बोलतात. पुस्तकात "काय करतो आहेस?", "का बरं?", "मी जेवतो आहे" असतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्या लेकराला ही जवळजवळ पाहुण्याची भाषा वाटते. आणि आपण काय करतो? लेकरानं "गारठायलंय" म्हटलं की "असं नाही म्हणायचं, 'गारठतंय' म्हण" असं तोडतो. लेकरू गप्प होतं. गप्प झालेलं लेकरू पुस्तकापासून सरकतं.

मी असं करते. पुस्तकात आहे तसं वाचायचं, कारण ती भाषाही त्याच्या कानावर पडली पाहिजे. आणि पान संपलं की त्याबद्दल घरच्या भाषेत बोलायचं. "बघ, माकडानं टोपी पळवली की रे. आता कसं करतंय ते?" दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदू द्यायच्या. लेकरं पाच-सहा वर्षांची होईतो आपोआप ओळखायला लागतात, की ही पुस्तकातली बोली आणि ही आपली. दोन्हींत हुशार होतात.

घरची भाषा मराठीच नसेल तरी हेच. आमच्या शाळेत तांड्यावरची लेकरं येतात, त्यांच्या घरात गोरमाटी बोलतात. कुणाच्या घरी दख्खनी उर्दू असते. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडं कानडी. आईनं चित्र बघत आपल्या भाषेत गोष्ट सांगितली तर लेकराचं काही बिघडत नाही. उलट गोष्टीची बांधणी त्याच्या डोक्यात आधीच तयार असते, मग शाळेत तीच गोष्ट मराठीत ऐकताना पाय ठेवायला जागा मिळते.

आजीला वाचता येत नसेल तर

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शाळेत गेल्या नाहीत. सुरुवातीला पुस्तक दिसलं की त्या उठून जायच्या. एकदा मला शाळेतून यायला उशीर झाला. आले तर धाकटा त्यांच्या मांडीवर आणि पुस्तक उघडं. आत्याबाई चित्र बघून गोष्ट सांगत होत्या. पुस्तकातल्या गोष्टीशी तिचा संबंध नव्हता. पुस्तकात शेळी बाजारात हरवते, आत्याबाईंची शेळी अंबाजोगाईच्या बाजारात गेली होती, तिला तिथं त्यांची चुलत बहीण भेटली होती, आणि तिनं शेळीला भाकर घातली होती.

तेव्हापासून आमच्या घरात एका पुस्तकाच्या दोन गोष्टी असतात. आईची आणि आज्जीची. लेकरांना दोन्ही लागतात. म्हणून वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांना बाजूला बसवू नका. त्यांच्या हातात मुद्दाम शब्द नसलेली किंवा अगदी कमी शब्दांची चित्रपुस्तकं द्या. चित्राचं बोट धरून ते कुठंही जाऊ शकतात.

आत्याबाईंनी पुढं एक काम केलं, ते तुम्हीही करू शकता. धाकटा सात-आठ महिन्यांचा असताना कागदाची पुस्तकं चावून खायचा. मी जाड पुठ्ठ्याचं पुस्तक शोधत होते, तर त्या म्हणाल्या, "कापडाचं शिवू की." वाकळ शिवायचा त्यांचा हात आहे. जुन्या सुती लुगड्याचे वीतभर लांबी-रुंदीचे आठ तुकडे घेतले. दोन-दोन जोडून, आत जुन्या धोतराचा थर घालून, चार जाड पानं केली. त्यांवर रंगीत चिंध्यांचे आकार बेतून टाके घातले: एक बैल, एक भाकर, एक सूर्य, एक पायतण. बैलाची शेपटी खरी दोऱ्याची, ओढता येणारी. चारी पानं डाव्या कडेला एकत्र शिवली. चिखलात पडलं तर धुवायचं. बटण किंवा मणी मात्र लावू नका, बाळ तोडून गिळतं.

धाकटा दोन वर्षांचा झाला तेव्हा आम्ही त्याला आणि मुलीला दासोपंतांच्या पासोडीबद्दल सांगितलं. दासोपंत (१५५१–१६१५) इथलेच, अंबाजोगाईचे संत. त्यांनी चाळीसेक फूट लांब कापडावर अख्खा ग्रंथ लिहिला. मुलीनं लगेच अंगणात पावलांनी मोजून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे आज्जीसारखंच. पण लई मोठं."

घरचं पुस्तक लिहा

चार मोठे कोरे कागद घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा. सोळा पानं झाली. दुमडीवर सुई-दोऱ्यानं तीन टाके घाला. आता लेकराला बोलू द्या आणि ते बोलेल तसंच लिहून काढा, एका पानावर एक वाक्य. चित्र त्याचं.

माझं माहेर औसा तालुक्यातलं, तिकडं वेळ अमावस्या मोठी असते. सगळं गाव वावरात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि आंबिलीवर ताव मारतात. गेल्या वेळेला तिथून आल्यावर मुलीनं पुस्तक केलं. त्यातलं एक पान असं आहे: "मामानं मला आंबिल दिली. मी तीन वाट्या पिली. मंग मला झोप यायली." मी एक अक्षर बदललं नाही. तिला ते पान आता स्वतः वाचता येतं, कारण ते वाक्य तिचंच आहे. पहिल्यांदा वाचायला शिकणाऱ्या लेकराला याच्याइतकं सोपं पाठ्यपुस्तक मिळणार नाही.

मोबाइलचं काय

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसभरात एक तासाच्या आत, जितकी कमी तितकी बरी. मोबाइलवर गोष्ट वाचायचीच असेल तर फोन तुमच्या हातात ठेवा, नेट बंद करा, आणि आवाज तुमचा असू द्या. गोष्ट आपोआप वाचणारं काही लावून लेकराच्या हातात फोन दिला, तर ते बघणं झालं.

आणि वाचायच्या दहा मिनिटांत तुमचा स्वतःचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. लेकराला सगळं कळतं.

स्वतः वाचू लागल्यावर

पहिली-दुसरीत लेकरू अक्षरं जोडायला लागतं आणि आईबाप सुटकेचा श्वास टाकतात. "आता तुझं तू वाच." हे करू नका. निदान अजून तीन-चार वर्षं तरी वाचून दाखवणं चालू ठेवा. सहा-सात वर्षांच्या लेकराला ऐकून जेवढी गोष्ट कळते, तेवढी स्वतः वाचून अजून कळत नसते.

आपली लिपी सोपी आहे असं आपण म्हणतो, पण तिच्यात नव्या डोळ्यांना फसवणाऱ्या जागा आहेत. 'पिल्लू' घ्या. ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला आधी दिसते, तोंडात मात्र 'प' नंतर येते. पुढं ल्ल, आणि त्याला खाली दीर्घ उकार. माझी मुलगी वेलांटीशी थांबायची, तिचं बोट मागं-पुढं व्हायचं. मग 'र'. 'प्राणी'मध्ये तो पायाशी असतो, 'ट्रक'मध्ये आणखी वेगळा, 'सूर्य'मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, 'दुसऱ्या'मध्ये अर्धचंद्रासारखा. एका 'र'ची चार रूपं. लेकरू अडलं तर ते मंद नाही, लिपीच्या नेमक्या अवघड जागी उभं आहे.

अडलं की मनात पाचपर्यंत मोजा. तेवढ्यात नाही जमलं तर शब्द सांगून टाका आणि पुढं चला. तिथंच रगडून बाराखडी म्हणायला लावू नका, गोष्टीचा धागा तुटतो. बाराखडी दुसऱ्या वेळी. आम्ही पानं वाटून घेतो. एक पान तिचं, एक माझं. थकली की दोन्ही माझी.

जी घरं सहा महिने फडावर असतात

आमच्या बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. काही लेकरं गावात हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काही आईबापासोबत फडावर जातात. त्यांना "रोज ठरलेल्या वेळी वाचा" म्हणणं मला जड जातं. तरी मी दरवर्षी निघायच्या आधी त्या लेकरांसोबत एक कापडी पिशवी देते. तीन चित्रपुस्तकं, एक कोरी शिवलेली वही, दोन पेन्सिली, आणि सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण कोपीत दव उतरतं. थोरल्या भावंडाला सांगते, तू धाकट्याला वाचून दाखवायचंस, हे तुझं काम. मागच्या साली दुसरीतल्या एका मुलीनं वही भरून आणली. प्रत्येक पानावर एका गावाचं नाव आणि खाली तिथं काय दिसलं ते. तुमच्या ओळखीत, गल्लीत असं कुटुंब असेल तर निघायच्या आठवडाभर आधी अशी पिशवी करून द्या. थोरल्या भावंडाकडून आधी दोनदा वाचून घ्या, म्हणजे तिथं गेल्यावर ते अडणार नाही.

खंड पडला तर

पडणारच. पेरणी, सुगी, लग्नसराई, कुणाचं आजारपण. आमच्या घरी गेल्या मे महिन्यात एकवीस दिवस एक पान वाचलं गेलं नाही. राहिलेलं भरून काढायला एका रात्री चार पुस्तकं घेऊन बसू नका, लेकरू तिसऱ्या पानाला झोपेल आणि तुम्हाला राग येईल. खंडाच्या आधी जे पुस्तक चालू होतं तेच काढा. आम्ही प्रत्येक पुस्तकात वाकळीचा एक लाल दोरा ठेवतो, थांबलेल्या पानात. एकवीस दिवसांनी धाकट्यानं पुस्तक आणलं, दोरा ओढून पान उघडलं आणि पिल्लावरचा टॉवेल कुठं गेला म्हणून विचारलं.